स्वस्त टॉर्चमध्ये बदल : केव्हा करावा, केव्हा टाळावा

शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असली म्हणजे उसाचे पाणी अंधारातच पाजावे लागते. कबनूर-इचलकरंजी परिसरातील ऊस उत्पादकांना हे वेगळे सांगावयास नको. दाट उसात घोणस व नागाचा वावर असतो, तेव्हा हातातील उजेड भरवशाचा हवा. बाजारातील स्वस्त टॉर्च मात्र वर्षभरात मंद पडतात. मग घरातील एखादा हौशी मुलगा कैचा घेऊन बसतो. (आपल्याकडे टॉर्चलाच 'बॅटरी' म्हणतात, येथे बॅटरी म्हणजे आतील वीज साठविणारा भाग समजावा.)

प्रथम जुना पत्र्याचा, सेलवर चालणारा टॉर्च पाहू. हौसेसाठी हा उत्तम, कारण यात धोका जवळजवळ नाही. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ ते ३.४ व्होल्ट लागतात. दोन सेलचे ३ व्होल्ट होतात व ते लवकरच उतरतात, म्हणून दोन सेलच्या टॉर्चमध्ये साधा एलईडी बसवून समाधान होत नाही. तीन सेल असल्यास ४.५ व्होल्ट मिळतात. १ वॅटच्या एलईडीला १२ ते १५ ओहमचा रेझिस्टर जोडल्यास सुमारे ०.१ अँपिअर प्रवाह जातो. जुना बल्ब ०.५ अँपिअरच्या आसपास घेत असे, म्हणजे सेल कितीतरी जास्त दिवस पुरतात. झोत पूर्वीइतका लांब जात नाही; पण सरीतून चालताना पायाजवळचा पसरट उजेडच अधिक उपयोगी.

घरच्या विजेवर चार्ज होणाऱ्या प्लॅस्टिकच्या टॉर्चची गोष्ट वेगळी. बऱ्याच स्वस्त टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो; एका कपॅसिटरमधून वीज बॅटरीला दिली जाते. त्यामुळे प्लग लावलेला असताना आतील प्रत्येक तारेचा २३० व्होल्टशी थेट संबंध असतो. अशा वेळी तो उघडणे जिवावर बेतू शकते. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये काही काळ वीज राहते. ओल्या हातांनी तो चार्जिंगला लावू नये, चार्जिंग चालू असताना वापरूही नये.

यातील ४ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी खराब झाल्यास त्याच प्रकारची, त्याच व्होल्टची नवी बसवावी. हा बदल करण्याजोगा आहे. जुनी बॅटरी विहिरीत वा बांधावर न टाकता भंगारवाल्याकडे द्यावी. तिच्यात शिसे असते.

परंतु तिच्या जागी १८६५० नावाचा लिथियम सेल बसविण्याची टूम निघाली आहे, ती साफ टाळावी. लिथियम सेल ४.२ व्होल्टच्या पुढे चार्ज होता कामा नये. शिसे-आम्लाची बॅटरी ४.८ व्होल्टपर्यंत चढते आणि या टॉर्चमध्ये चार्जिंग आपोआप थांबविण्याची सोय बहुधा नसते. सेल तापून पेट घेऊ शकतो, तोही रात्री, घरात सारे झोपलेले असताना. लिथियम हवाच असेल तर तसा तयार टॉर्च घ्यावा.

बाकी, बॅटरी लवकर मरण्याचे मुख्य कारण ती उतरलेल्या स्थितीत पडून राहणे हे आहे. पावसाळ्यात पाण्याच्या पाळ्या बंद असतात, तेव्हाही महिन्यातून एकदा टॉर्च चार्ज करून ठेवावा.