व्हिसा पर्यटनाचा, काम मोलकरणीचे!

दुबई किंवा मस्कतला घरकामासाठी निघालेल्या बाईला एजंट सांगतो, ‘‘ताई, काळजी करू नका, व्हिसा आलाय.’’ तो कसला आहे, हे मात्र सांगत नाही. अनेकदा तो पर्यटकाचा असतो आणि फसवणूक तिथूनच सुरू होते.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ अशी नोंद असते. अशा व्यक्तीला आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या कायद्यानुसार सरकारी मंजुरी घ्यावी लागते. ती देणाऱ्या ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’चे कार्यालय मुंबईतही आहे. स्त्रीचे वय ३० पूर्ण हवे, अशीही अट आहे. २०१६ मध्ये केंद्राने अशा स्त्रियांची भरती ठरावीक सरकारी संस्थांकडे सोपवली. मंजुरीसोबत लेखी करार येतो, १० लाखांचा विमाही येतो. दोन वर्षांच्या विम्याचा हप्ता अवघा २७५ रुपये!

पण फिरायला जाणाऱ्यांना ही मंजुरी लागत नाही. एजंटला एवढी फट पुरते. समोर बसलेली असते पंचविशीची, दोन मुलांची आई. नियमाने तिला जाता येत नाही आणि घरची चूल तर पेटायलाच हवी. खरे सांगायचे तर वयाची ही अट तिचे रक्षण करण्याऐवजी तिला एजंटच्याच दारात नेऊन सोडते.

तिकडे मालकच तिचा प्रायोजक, म्हणजे ‘कफील’. पासपोर्ट त्याच्या कपाटात. छळाला कंटाळून तिने घर सोडलेच, तर ‘पळून गेली’ अशी तक्रार करून तो मोकळा होतो, आणि पोलीस शोधतात ते तिलाच.

तिथे कायदे नाहीत असे नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२२ च्या कायद्यात घरकामगाराला रोज किमान १२ तास विश्रांती, आठवड्याची पगारी सुट्टी, वर्षाला ३० दिवस रजा आणि स्वतःची कागदपत्रे स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क आहे. पण जिच्याकडे करारच नाही, तिने कोणत्या कागदावर बोट ठेवून भांडायचे?

म्हणून निघण्यापूर्वी व्हिसा नोकरीचाच आहे ना, हे जाणकाराकडून वाचून घ्यावे. एजंटची नोंदणी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. पासपोर्ट, व्हिसा व कराराच्या प्रती घरी ठेवाव्यात, मालकाचा पत्ताही. शंका असल्यास १८००-११-३०९० या सरकारी मोफत क्रमांकावर विचारावे, तेही पैसे देण्याआधी.