पाच रुपयांच्या तिकिटात तिळगूळ

दुकानदारांनी गिऱ्हाइकांना दिवाळीची शुभेच्छापत्रं पाठवू नयेत, संक्रांतीला पाठवावीत. हे मत मी ओळखीच्या दोन-तीन व्यापाऱ्यांना ऐकवलं. त्यांनी ते चहाबरोबर गिळून टाकलं, म्हणून आता इथे मांडतो.

दिवाळीत वसुबारसेपासूनच फोन टिणटिणू लागतो. सराफ, गाड्यांचं शोरूम, विमा एजंट, दातांचे डॉक्टर. सगळ्यांची पणती एकच, फक्त खालचं नाव वेगळं. या गर्दीत छापील कार्ड आलंच, तर ते फराळाच्या धांदलीत रद्दीत सरकतं. आणि टपाल रेंगाळून ते भाऊबीजेनंतर पडलं, तर शुभेच्छा शिळ्या होतात. तिळगूळ मात्र रथसप्तमीपर्यंत देता येतो. २०२४ मध्ये रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, म्हणजे पोस्टमनला महिनाभराची मुभा!

शिवाय ही रीत आपल्याकडे होतीच. तळहाताएवढी संक्रांतीची कार्डं, आत हलव्याचे चार दाणे, आणि पोस्टाच्या शिक्क्याखाली त्यातल्या दोघांचा झालेला चुरा. ही पाकिटं नात्यागोत्यात फिरत. दुकानदारानं ती उचलावी, इतकंच माझं म्हणणं.

वजनाचा हिशेब सोपा आहे. २० ग्रॅमपर्यंतच्या पत्राला ५ रुपयांचं तिकीट लागतं. ए-फाइव्ह आकाराचा ३०० जीएसएमचा कागद मधोमध दुमडला, तर कार्ड भरतं साधारण साडेनऊ ग्रॅम. पाकिटाचे चार-पाच धरा. उरलेल्या पाच-सहा ग्रॅममध्ये चिमूटभर हलवा आरामात बसतो. दीड-दोनशे प्रतींसाठी ऑफसेटच्या प्लेटा करत बसू नये. डिजिटल छपाई पुरते. आतल्या बाजूला लॅमिनेशन मात्र नको. त्यावर पेनाची शाई धरत नाही, आणि पेनानं लिहिणं हाच तर या उद्योगातला मुख्य भाग. हौस असेल तर काळा कागद घ्या आणि त्यावर पांढऱ्या शाईचं स्क्रीन प्रिंटिंग करा. एरवी सणाला काळं कार्ड पाठवलं तर लोक दुकान बदलतील. संक्रांतीला मात्र काळ्याचाच मान.

लिहिण्याचं एवढं अगत्य कशासाठी? इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र जाऊ लागलं आणि पत्रांचा पूर आला. टपालसुधारणेत स्वतः खपलेले हेन्री कोल या पुरात सापडले. नाताळची सगळी उत्तरं लिहायला वेळ नव्हता, म्हणून १८४३ साली त्यांनी चित्रकार हॉर्सली यांच्याकडून एक कार्ड करवून घेतलं. उरलेल्या प्रती एक शिलिंगाला एक अशा विक्रीला ठेवल्या. म्हणजे नाताळचं छापील कार्ड जन्मलं तेच मुळी हातानं लिहिणं टाळण्यासाठी. वाचणाऱ्यालाही हे आतून कळत असतं. ‘आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना’ या ओळीत आपण नाही, हे त्याला बरोबर समजतं. याउलट ‘वहिनी, शालूचा फॉल नीट बसला ना?’ एवढं जरी निळ्या शाईत असलं, तरी कार्ड फ्रीजच्या दारावर जातं.

आणि कृपा करून त्यात ‘हे कार्ड आणल्यास १० टक्के सूट’ असं छापू नका. तिळगूळ देताना कुणी हात पुढे करून उधारी मागतं का? सवलतीची जाहिरात वेगळी करा, चैत्रात करा.

सगळ्यात किचकट काम पत्त्यांचं. बिलबुकातून नावं काढायची, पिनकोड तपासायचा. हा सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला, तो टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या डोक्यातून. नावं सारखी, गल्ल्या सारख्या, भाषा निराळ्या, त्यावर त्यांनी काढलेली ही तोड. आपल्या पत्त्याचा आकडा ४ पासून सुरू होतो तो त्यांच्याच मांडणीमुळे. पण एक गोष्ट पिनकोडही सांगत नाही. गिऱ्हाईक गेल्या वर्षी वारलेलं असतं आणि त्याच्याच नावानं गोड बोलायचं आमंत्रण येतं. वर्षभर सण न करणाऱ्या घरात असं पाकीट फार बोचतं. म्हणून यादी कॉम्प्युटरवर ठेवली तरी एकदा दुकानातल्या सर्वांत जुन्या माणसाला वाचून दाखवावी. त्याला गावातली लग्नं, बदल्या, मयतं सगळं ठाऊक असतं. तीन-चार नावांवर तो काट मारेल, दोन नवी सांगेल.

पहिल्या वर्षी पन्नासच पाठवा. आणि एक पाकीट स्वतःच्या घरच्या पत्त्यावर टाका. किती दिवसांत येतं आणि हलव्याचे किती दाणे शाबूत राहतात, ते तरी कळेल.