कुणालाच नको असलेली रीत

लेखमाला ‘चालत आलेलं’ : भाग सातवा

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी एक ठराव मंजूर केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. कल्पना करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी लावून धरलेली. सरपंच सुरगोंडा पाटील यांनी ती ग्रामसभेत तडीस नेली. दोनच दिवसांनी, शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली म्हणून, कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं. पंधरवडा उलटायच्या आत ग्रामविकास खात्याचं परिपत्रक निघालं की इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा.

बातम्या झाल्या, सत्कार झाले. मला मात्र वेगळंच कुतूहल होतं. ही रीत पाळायला लावणारा नेमका कोण? कायदा नाही, पोथी कुणी उघडून बघत नाही. मग शतकानुशतकं ती टिकली कुणाच्या जोरावर?

मयताच्या घरात काय होतं ते आठवा. पुरुषमंडळी बाहेर सरणाच्या लाकडांची, सोयऱ्यांना फोन करण्याची घाई करत असतात. आत बायकांचा गराडा. त्यातल्या दोघीतिघी जुन्या-जाणत्या पुढे होतात, बहुतेकदा स्वतः विधवा झालेल्या. एक मनगट धरते, दुसरी बांगड्या फोडते. ठिकऱ्या भुईवर पडतात, कधी मनगटात रुततात, आणि कुणीतरी पदराने रक्त टिपतं. जी फोडते तीच रडत असते. तीच रात्री त्या पोरीच्या उशाला बसून राहणार असते. हिला दुष्ट म्हणणार? तिला विचारलं तर एवढंच सांगेल, “रीत हाय. न्हाई केलं तर लोक काय म्हणतील?”

हे ‘लोक’ शोधायला निघालं की गंमत होते. सासूला वाटतं, भावकी नाव ठेवेल. भावकीला वाटतं, पाहुणे बोलतील. पाहुण्यांना वाटतं, हा त्या घरचा मामला, आपण कशाला मध्ये पडा. माहेरच्यांना वाटतं, आपण अडवलं तर लेकीला सासरी जड जाईल. एकेकाला बाजूला घेऊन विचारा, बरेच जण म्हणतील की आपल्याला हे पटत नाही. पण आपल्याखेरीज बाकी सगळ्यांना पटतं, अशी प्रत्येकाची खात्री. मनातून नको असलेली गोष्ट एकमेकांच्या धाकाने सगळे मिळून करतात. रूढीचं गुपित मला तरी यात दिसतं. तिला भक्त फारसे लागत नाहीत, गप्प बसणारे पुरतात.

म्हणून हेरवाडच्या ठरावाचं मोल त्यातल्या हुकुमात शोधू नये. ग्रामसभेचा ठराव मोडला म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. त्याने केलं ते वेगळंच काम. शेजाऱ्याचंही मत आपल्यासारखंच आहे, हे एका बैठकीत, हात वर करून, सगळ्यांना सगळ्यांसमोर कळलं. आता ज्या सासूला सुनेच्या बांगड्या राखायच्या आहेत तिला भांडावं लागत नाही. “गावाचा ठराव हाय,” म्हटलं की सुटली.

इथं कुणी म्हणेल, लेखमाला विषमतेवर, जातिभेदावर. त्यात विधवेच्या बांगड्या कुठून आल्या? तर थेट न्यूयॉर्कहून. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, हा त्याचा गाभा. पण अशा बंद कप्प्यात नवरा मेला की बाई उरते, आणि तिने कप्प्याबाहेर लग्न केलं तर भिंत ढासळते. म्हणून सती, म्हणून सक्तीचं वैधव्य, म्हणून बालविवाह. पुसलेलं कुंकू हा निव्वळ दुःखाचा विधी उरत नाही. जातीच्या कुंपणाची ती एक खुंटी आहे. पुढच्याच वर्षी, १९१७ मध्ये, कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी विधवाविवाहाचा कायदा केला. पुढे आंतरजातीय विवाहाचाही. आणि मार्च १९२० मध्ये शेजारच्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात परिषद भरली तेव्हा हे दोघे एकाच मांडवात होते.

रूढी एकमेकांच्या धाकावर चालते, ही मेख शाहूंना पक्की ठाऊक असावी. गंगाराम कांबळे यांची हकिकत कोल्हापुरात सगळ्यांना पाठ असते, पण ती बहुधा राजाच्या दयाळूपणाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या या सेवकाला महाराजांनी चहाचं हॉटेल काढून दिलं. हॉटेल उघडलं, गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतः तिथं थांबून चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या वरच्या जातीतल्या मंडळींनाही पाजू लागले. राजवाड्यात बसून त्यांनी रोज दहा कप प्यायले असते तरी फरक पडला नसता. भर रस्त्यावर, चारचौघांत, साक्षीदारांसकट प्यायले यात खरी हिकमत होती.

अमेरिकेतल्या वर्णद्वेषाची घडणही याहून फार निराळी नव्हती. कायद्याने बस आणि शाळा वेगळ्या केल्या. पण रोजच्या रोज माणसाला त्याची जागा दाखवायचं काम शिष्टाचार करत असे. गोऱ्यांना मिस्टर, मिस. काळ्या माणसाला, तो साठीचा असला तरी, नुसत्या नावाने हाक. १९६३ मध्ये अलाबामाच्या कोर्टात मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीला सरकारी वकिलाने ‘मेरी’ म्हणून प्रश्न विचारला. तिने मिस हॅमिल्टन म्हटल्याशिवाय उत्तर द्यायचं नाकारलं. न्यायाधीशाने पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड ठोठावला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. आपल्याकडं मागासवर्गीय वस्तीतल्या म्हाताऱ्याला पाटलाच्या शाळकरी पोराने ‘ए’ म्हणून हाक मारावी आणि म्हाताऱ्याने त्याला ‘अप्पा’ म्हणावं, हे पाहून ज्यांच्या कपाळावर आठी पडली नाही, त्यांनी अलाबामावर फार हळहळू नये.

हल्ली आठ्या पडतात, हे खरं. हाका बदलल्या. चहाचा वेगळा कपही बऱ्याच ठिकाणी दिसेनासा झाला. कागदी कपाने तो वादच मिटवला म्हणायचा. पण २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात चारांपैकी एकाहून जास्त घरांनी आपण अस्पृश्यता पाळतो असं तोंडाने कबूल केलं होतं, आणि जातीबाहेरची लग्नं शंभरात पाचेक होती. विवाहाच्या जाहिराती वाचा. ‘जातीची अट नाही’ आणि लगेच पुढे ‘एससी, एसटी क्षमस्व’. माफी मागून दार लावायची ही तऱ्हा सुशिक्षितांचीच. आई-बाप वर म्हणतात, “आमचं काही नाही हो, पण धाकटीचं लग्न व्हायचंय.” पुन्हा तेच, लोक.

आता हेरवाडचीही मर्यादा बोलायला हवी. विधवेचा ठराव झाला, कारण बहुतेकांच्या नात्यात एक तरी विधवा असते. ती आई, बहीण, वहिनी, कुणी ना कुणी आपलंच माणूस असते. कोरोनात तर कोवळ्या पोरी विधवा झाल्या. दुःख दारापर्यंत आलं होतं. जातीचं तसं नसतं. तिचा काच ज्यांना बसतो ते गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात, आणि ग्रामसभेत मागे उभे असतात. बाबा आढाव यांनी १९७० च्या दशकात ‘एक गाव, एक पाणवठा’ घेऊन महाराष्ट्र पालथा घातला तो याच भेदाविरुद्ध. पाणी घरोघर नळाने आलं आणि पाणवठ्याचा प्रश्न न सुटताच मागे पडला. स्मशानाला नळ नसतो. अजून कितीतरी गावांत मेल्यावरही जातवार वाटा आहेत, आणि कोणत्या समाजाने कुठं जाळायचं, कुठं पुरायचं, हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसताना लहान पोरही बिनचूक सांगतं.

‘गावात स्मशानभूमी एकच असेल’ असा ठराव ग्रामसभेपुढे आला, तर त्याला सूचक मिळेल. अनुमोदक कुठल्या गल्लीतून उभा राहील, ते बघायचं.

(पुढच्या भागात : ऊसतोडीला आलेलं जोडपं ‘एक कोयता’ म्हणून मोजलं जातं, त्याचा हिशेब.)