पानातले लोह, रक्तातले लोह

हिरव्या पालेभाज्यांत लोह असते, हे वाक्य तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहे. परीक्षेत लिहिलेही असेल. पण पानातले लोह आपल्या रक्तात कसे पोचते, वाटेत त्याचे काय होते, याचा कधी विचार केला आहे काय? तो करायला शाळेच्या आवारातला तीन मीटर लांब व एक मीटर रुंद वाफा पुरतो.

हा प्रश्न आपल्याच वर्गातला आहे. २०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, भारतातील १५ ते १९ वर्षे वयाच्या दर शंभर मुलींपैकी सुमारे ५९ आणि शंभर मुलग्यांपैकी सुमारे ३१ जणांना रक्तक्षय असल्याचे आढळले. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेते आणि ते तयार व्हायला लोह लागते. लोह कमी पडले की जिना चढताना धाप लागते, वर्गात लक्ष लागत नाही. अशा मुलाला आळशी म्हणण्याआधी त्याचे रक्त तपासायला हवे.

वाफा तयार करू या

भरपूर ऊन पडणारी जागा निवडा. रुंदी एक मीटरच ठेवा. म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. माती भुसभुशीत करून तीत चांगले कुजलेले शेणखत मिसळा. माठाचे बी फार बारीक असते. ते कोरड्या वाळूत मिसळून पेरा, म्हणजे सगळीकडे सारखे पडते. निम्म्या वाफ्यात मेथी पेरा. दोन्ही भाज्या साधारण महिन्याभरात काढायला येतात. आवाराच्या कडेला एक लिंबाचे झाड लावा. त्याचे काम पुढे येणार आहे.

काम करताना पायांत चप्पल हवीच. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरतात. पुढे हे जंत आतड्याला चिकटून रक्त शोषतात. म्हणजे एकीकडे भाजीतून लोह मिळवायचे आणि दुसरीकडे ते गमवायचे! काम संपल्यावर साबणाने हात धुवा.

भाजी काढली की तिचे वजन करा आणि वहीत नोंदवा. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे रोज ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. चाळीस मुलांच्या वर्गाला किती लागेल? तीन किलो. तुमचा वाफा किती दिवस पुरेल, हे गणित तुम्हीच करा. एवढ्याशा वाफ्यावर वर्ग पोसला जात नाही, हे लगेच कळेल. पण भाजीचे मोल कळायला तो पुरेसा आहे.

लिंबाचे काम

वनस्पतींतील लोह आतड्यांतून सहज शोषले जात नाही. त्याचा बराच भाग फेरिक रूपात असतो. ‘क’ जीवनसत्त्व त्याचे फेरस रूपात रूपांतर करते आणि ते विरघळलेले ठेवते. मग ते रक्तात जाणे सोपे होते. चहातील टॅनिन याच्या उलट वागते. ते लोहाला बांधून ठेवते. म्हणून जेवणाबरोबर लिंबाची फोड हवी आणि चहा तासाभराने.

मात्र ‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नाश पावते. हे करून पाहा. तीन परीक्षानळ्यांत थोडे पाणी घ्या. प्रत्येकीत गाळलेल्या भाताच्या पेजेचे दोन थेंब व आयोडीनच्या द्रावणाचा एक थेंब टाका. पाणी निळे होईल. आता पहिलीत साधे पाणी, दुसरीत लिंबाचा रस आणि तिसरीत कोबी उकडलेले पाणी थेंब थेंब टाका. कोबीचे पाणी पूर्ण थंड झालेले असावे, कारण नुसत्या उष्णतेनेही हा निळा रंग जातो. रंग घालवायला कशाचे किती थेंब लागले ते मोजा. कोबीच्या पाण्याने रंग गेला, तर तो प्रामुख्याने पानांतून पाण्यात उतरलेल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे. प्रयोगातले काहीही तोंडात घालू नका.

आता सांगा, पालेभाजी उकडून पाणी पिळून टाकतो तेव्हा आपण काय टाकून देतो? म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी. बेताच्या पाण्यात, झाकण ठेवून शिजवावी. लिंबू भांडे खाली उतरल्यावर पिळावे.

ज्याचा रक्तक्षय वाढला आहे, त्याला नुसती भाजी पुरणार नाही. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी, जंताचे औषध आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील तपासणी यांचीही गरज असते. गोळी दप्तरात लपवू नका.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हातांच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला. शिक्षकांनी वाफ्याकडे त्या दृष्टीने पाहावे. त्यात जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही आहेत. आणि विद्यार्थ्यांनो, पहिली भाजी निघेल त्या दिवशी एक जुडी घरी न्या. आईला, आजीला लिंबाचे काम समजावून सांगा. घरात रक्तक्षय बहुधा त्यांनाही असतो, आणि ताटात भाजी सगळ्यांत शेवटी त्याच वाढून घेतात.