फळ्यामागचा कारभारी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी माझे वडील एका दाखल्यासाठी अहमदपूर तालुक्यातील आमच्या गावाहून लातूरला गेले. कार्यालयाचा पत्ता मीच नांदेडच्या वसतिगृहात बसून मोबाइलवर शोधला होता आणि फोनवरून त्यांना सांगितला होता. सरकारी संकेतस्थळावरचा पत्ता म्हणजे खात्रीचा, अशी माझी भाबडी समजूत. वडील दोन एस.टी. बदलून दुपारी बाराच्या सुमारास त्या इमारतीपाशी पोचले, तर तेथे दुसऱ्याच खात्याची पाटी. ते कार्यालय दीड वर्षापूर्वीच शहराच्या दुसऱ्या टोकाला हलले होते. तेथे पोचल्यावर कळले, की कागदपत्रांची यादीही जुनी आहे. आता तलाठ्याचा अहवालसुद्धा लागतो. वार शुक्रवार होता. २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, तेव्हा पुढची भेट सोमवारी. आणि माझ्या अर्जाची मुदत शनिवारी संपत होती. त्या वर्षीची फी घरात राखून ठेवलेले सोयाबीन विकून भरली.

कोणते कार्यालय, ते येथे सांगत नाही. सांगायचे आहे ते निराळेच. दोन दिवस मी मनातल्या मनात संगणकवाल्यांना शिव्या दिल्या. मग विचार आला, की हा पत्ता बदलायचा होता तरी कोणी? सरकारी संकेतस्थळामागे नेमके कोण बसलेले असते आणि त्याचे काम काय? या प्रश्नाच्या मागे लागून जे हाती आले, ते मित्रमैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवते.

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांची अधिकृत संकेतस्थळे आहेत. त्यांचा सांगाडा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने उभारलेला आहे. १९७६ मध्ये स्थापन झालेली ही केंद्र सरकारची संस्था. प्रत्येक जिल्ह्यात तिचा एक जिल्हा सूचना विज्ञान अधिकारी असतो. देशातील बहुतेक जिल्ह्यांची संकेतस्थळे आता एकाच साच्यातून काढलेली आहेत, म्हणून नांदेडचे पान उघडा की लातूरचे, घराची रचना एकच दिसते. फरक फक्त भिंतीवरच्या तसबिरींचा. पण पानाच्या अगदी तळाशी, जेथे सहसा कोणाची नजर जात नाही, तेथे एक मजकूर असतो. त्याचा आशय असा, की संकेतस्थळ घडविले आणि सांभाळले आहे केंद्राने, परंतु मजकुराची मालकी जिल्हा प्रशासनाची आहे. माझ्या रागाचा पत्ता चुकला होता, हे या एका ओळीने समजले. घर बांधणारा गवंडी निराळा आणि घरात राहणारा निराळा. आतल्या शिळ्या भाकरीचा दोष गवंड्याला कसा द्यायचा?

मग घरात राहणारा कोण? भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. त्यांत या माणसाला ‘वेब माहिती व्यवस्थापक’ असे नाव आहे. प्रत्येक खात्याने एका जबाबदार अधिकाऱ्याला हे काम द्यावे आणि त्याच्याशी संपर्क कसा साधायचा, ते संकेतस्थळावर लिहावे, अशी अपेक्षा आहे. मजकूर कोणी द्यायचा, कोणी तपासायचा, कोणी मंजूर करायचा, किती दिवसांनी पुन्हा पाहायचा, मुदत संपल्यावर कोठे ठेवायचा आणि संकेतस्थळ बंद पडले किंवा कोणी त्यात घुसखोरी केली तर काय करायचे, या सर्वांचे लेखी धोरण असले पाहिजे आणि ते पाळले जाते की नाही, हे त्या माणसाने पाहिले पाहिजे. कागदावर हे सारे फार शहाणपणाचे आहे.

कागदाबाहेरचे मला लातूरला मामांच्या शेजारी राहणाऱ्या एका काकांनी सांगितले. ते एका सरकारी कार्यालयात आहेत (वडील गेले होते ते हे नव्हे) आणि आपल्या नेहमीच्या टेबलाबरोबर संकेतस्थळाचे कामही पाहतात. सरकारी भाषेत याला ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणतात. मी विचारले, “काका, माहिती जुनी राहते ती कशाने?” ते हसले. म्हणाले, “अगं, माहिती माझी नसतेच. ती टेबलाटेबलावर असते. माझ्याकडे नुसता फळा आहे. कोणी खडूच आणून दिला नाही, तर मी त्यावर लिहू काय?”

या कामाची सारी गोम त्या बोलण्यात आहे. आस्थापनेकडून बदल्यांची यादी यावी लागते, लेखा शाखेकडून खर्चाचे आकडे, निविदा काढणाऱ्याकडून निविदा. प्रत्येक टेबलाला आपले काम असते आणि संकेतस्थळ हे दुसऱ्याचे काम वाटते. साहेबांची बदली झाली, की नव्या साहेबांचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी चढते. खालच्या लिपिकाचा दूरध्वनी बदलला तर तो वर्षभर तसाच राहतो. सामान्य माणसाला मात्र गरज त्या दुसऱ्या क्रमांकाची असते. काकांनी यावर आपला एक उपाय काढला आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते प्रत्येक शाखेच्या पानाची छापील प्रत काढून त्या त्या टेबलावर नेऊन ठेवतात आणि म्हणतात, “हे खरे आहे, अशी सही करा.” सही करायची म्हटले, की माणूस वाचतो. अर्ध्या चुका तेथेच सापडतात. संगणकाच्या युगात कागदावरची सही उपयोगी पडावी, ही गंमतच म्हणायची!

मजकूर देणे ही मेहेरबानी नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने सतरा बाबी आपण होऊन, कोणी मागण्याची वाट न पाहता, प्रसिद्ध करायच्या आहेत. कार्यालयाची रचना, अधिकाऱ्यांची कर्तव्ये, निर्णय घेण्याची पद्धत, कर्मचाऱ्यांचे वेतन, अंदाजपत्रक, अनुदानाचे लाभार्थी, जन माहिती अधिकाऱ्याचे नाव, असे सारे त्यात येते; आणि ते दर वर्षी अद्ययावत करायचे आहे. ‘माहितीचा अधिकार’ या शीर्षकाखाली कित्येक कार्यालये एकदाच भलामोठा दस्तऐवज चढवून मोकळी होतात. त्यात कधी कधी सेवानिवृत्त झालेले अधिकारी अजून कामावर रुजू असतात.

लिपीचा प्रश्न आम्हा मराठीच्या विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याचा. आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. दरबारी कारभार उर्दूत चाले आणि गावच्या बहुसंख्य माणसांना आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. १९४८ साली मराठवाडा मुक्त झाला, १९६० साली महाराष्ट्र झाला, पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ आला आणि कारभार मराठीत आला. पण संगणकावर मराठी आली ती नाना जातींच्या फॉन्टांतून. कृतिदेवमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, तर पडद्यावर नुसती अगम्य अक्षरे. युनिकोडने ही अडचण दूर केली, तरी सवय गेलेली नाही. सूचना टंकतात, छापतात, तिच्यावर सही-शिक्का घेतात आणि मग त्या कागदाचे स्कॅन करून चढवितात. डोळ्यांना ते अक्षर दिसते. यंत्राच्या लेखी ते नुसते चित्र असते.

याने काय बिघडते? आमच्या वर्गात एक अंध मित्र आहे. त्याचा मोबाइल पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवितो. साधे युनिकोड पान तो माझ्यापेक्षा भरभर ऐकतो. स्कॅन केलेली परिपत्रके उघडली, की त्याचा मोबाइल मुका होतो. एकदा तो म्हणाला, “मला वाटलं, कागद कोराच हाय.” दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आणि वर सांगितलेली मार्गदर्शक तत्त्वे, दोहोंतही अशा वाचकांना सुगम होईल असाच मजकूर द्यावा, असे आहे. शिवाय चित्रातला शब्द शोधयंत्राला सापडत नाही, तो तोटा डोळसांचाही आहेच.

काकांना सही झालेल्या सूचनेतील काना-मात्रा बदलण्याचा अधिकार नाही. पण तिला संकेतस्थळावर जे शीर्षक द्यायचे, ते त्यांच्या हातात असते. पूर्वी त्यांच्याकडे ओळीने चाळीस सूचना होत्या आणि चाळिसांचे शीर्षक एकच: ‘जाहीर सूचना’. आता ते कशाबद्दल, कोणासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे एका ओळीत लिहितात. “दिवसभरात मी स्वतःचं असं एवढंच लिहितो बघ,” असे म्हणाले. निबंधाला नेमके शीर्षक द्या म्हणून आमचे सर कानीकपाळी का ओरडतात, ते मला त्या दिवशी उमगले.

काय बदलायचे याइतकाच काय बदलायचे नाही, हाही प्रश्न अवघड आहे. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला. २०२३ मध्ये उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. मग लातूरच्या इतिहासाच्या पानावर काय लिहावे? आजच्या माहितीत धाराशिव लिहायचे हे उघड आहे. पण १९८२ च्या अधिसूचनेची प्रत ठेवली, तर तिच्यातला शब्द तसाच राहिला पाहिजे. जुन्या कागदावर नवे नाव चढविणे म्हणजे दप्तरात खाडाखोड. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. तेही आजच्या यादीत बदलेल, जुन्या फेरफारात नाही. म्हणून मुदत संपलेले पान नुसते पुसून न टाकता अभिलेखात हलवायचे असते.

जुन्या कागदांचे महत्त्व २०२३ मध्ये साऱ्या मराठवाड्याने पाहिले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी निजामकालीन दप्तरांतून कुणबी नोंदी शोधल्या गेल्या. मोडी आणि उर्दूतले कागद जाणकारांकडून वाचून घेतले गेले आणि सापडलेल्या नोंदी स्कॅन करून लोकांना पाहता येतील अशा ठेवण्याचे काम जिल्ह्याजिल्ह्यांत झाले. आरक्षणाच्या वादात येथे शिरत नाही. पण आपल्या पणजोबांचे नाव शोधणाऱ्या माणसाला गावाच्या नावाने पान सापडते की हजार पाने उलटावी लागतात, हे ज्याने यादी लावली त्याच्यावर अवलंबून असते. मोडी वाचणाऱ्याला तेव्हा आला तेवढा भाव मी तरी कधी पाहिला नव्हता.

संकटाच्या वेळी तर हा माणूस झोपूच शकत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील गावांत पुराचे पाणी शिरले. अशा दिवसांत नांदेडला प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो: विष्णुपुरीचे किती दरवाजे उघडले? व्हॉट्सॲपवर त्याची दहा उत्तरे फिरतात, त्यांतली कित्येक मागच्या पावसाळ्यातली असतात. तारीख आणि वेळ घातलेली एक अधिकृत ओळ त्या दहांना गप्प करू शकते. मात्र ती वेळेवर चढली पाहिजे. तळाशी दिसणाऱ्या ‘शेवटचे अद्ययावत’ या तारखेवर तेवढ्यासाठी विसंबू नये. काल एखादी भरतीची सूचना चढली असेल, तर साऱ्या संकेतस्थळाची तारीख कालची दिसते. आपल्याला हवे ते पान तीन वर्षांपूर्वीचे असू शकते.

सुदैवाने वरिष्ठांचे लक्ष इकडे वळलेले दिसते. २०२५ च्या प्रारंभी राज्य शासनाने शंभर दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम हाती घेतला, त्यातील सात मुद्द्यांत संकेतस्थळाचा मुद्दा होता; आणि निकालात जिल्हाधिकारी कार्यालयांपैकी पहिल्या पाचांत नांदेडचे नाव आले. आम्हा नांदेडकरांना अर्थातच आनंद झाला. तथापि स्पर्धेच्या शंभर दिवसांत पाने चकचकीत होतात. एकशेएकाव्या दिवशी काय होते, ते पाहायला परीक्षक नसतात.

वडील ज्या कार्यालयात गेले होते, त्याच्या संकेतस्थळावर वेब माहिती व्यवस्थापकाचा ई-मेल पत्ता मला तळाच्या एका कोपऱ्यात सापडला. मी सरळ मराठीत पत्र लिहिले: पत्ता जुना आहे, यादी जुनी आहे, माझ्या वडिलांचा एक दिवस आणि माझी एक शिष्यवृत्ती गेली. उत्तराची आशा नव्हती. नवव्या दिवशी दोन ओळींचे उत्तर आले, की दुरुस्ती केली आहे, कळविल्याबद्दल आभार. उघडून पाहिले, तर पत्ता नवा होता, यादीत तलाठ्याचा अहवाल होता. दूरध्वनी क्रमांक मात्र जुनाच. मी पुन्हा लिहिले आहे.

यंदा दाखल्याचे नूतनीकरण आहे. परवा वडिलांचा फोन आला. म्हणाले, “बघ की त्याच्यावर काय लिव्हलंय ते. अन् शुक्रवारी नगं, सोमवारीच जातो म्या.”