पुनर्वापरक्षम अग्निबाण आणि निम्नकक्षेतील उपग्रह

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे ओळीने जाताना दिसले आणि यवतमाळच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. चिनी 'लाँग मार्च' अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचा तो अवशेष असावा, असे जाणकारांचे मत पडले. टाकून दिलेल्या अग्निबाणाचे पुढे काय होते, याचे इतके जवळचे उदाहरण या भागास दुसरे मिळावयाचे नाही. म्हणूनच 'पुनर्वापरक्षम अग्निबाण' या नव्या संज्ञेचा अर्थ जपून घ्यावयास हवा.

'फाल्कन-९' या अमेरिकन अग्निबाणाचे दोन टप्पे असतात. नऊ इंजिनांचा खालचा टप्पा सुमारे अडीच मिनिटांत सुटा होतो आणि राखून ठेवलेल्या इंधनाच्या जोरावर वेग आवरीत जमिनीवर अथवा समुद्रातील तराफ्यावर उभा उतरतो. डिसेंबर २०१५ मध्ये तो प्रथम असा उतरला. मार्च २०१७ मध्ये उतरलेला टप्पा प्रथमच पुन्हा उडाला. वरचा टप्पा मात्र परत मिळत नाही. पुनर्वापर होतो तो अंशाचा. आणि लाडबोरीसारखा प्रकार त्याने टळत नाही. वरचा टप्पा निर्जन सागरात हेतुपुरस्सर पाडणे, हाच त्यावरील उपाय होय.

उपग्रह एवढ्या खाली ठेवण्याचे कारण वेळेत आहे. विषुववृत्तावरील भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरांवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली येतो, उत्तरही तसेच. या चार फेऱ्यांत प्रकाशवेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद जातो. ५५० किलोमीटरांवर हाच काळ सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी भरतो. परंतु एवढ्या खालचा उपग्रह स्थिर राहू शकत नाही. सुमारे ९५ मिनिटांत तो पृथ्वीप्रदक्षिणा करतो आणि एका गावावरून काही मिनिटांतच निघून जातो. म्हणून एकामागून एक येणारे हजारो उपग्रह लागतात. त्यांचे आयुष्यही पाचएक वर्षांचेच. मे २०१९ मध्ये 'स्टारलिंक'चे पहिले साठ उपग्रह एकाच उड्डाणात गेले, ते याच हिशेबाने. स्वस्त व वारंवार उड्डाण नसते, तर ही व्यवस्था कागदावरच राहिली असती.

('उपग्रह' हा शब्द वैयाकरणांच्या परिचयाचा आहे; परस्मैपद-आत्मनेपद या भेदास ती जुनी संज्ञा होती. हा शब्द आता जेवढा फिरतो तेवढा तेव्हा फिरत नसावा.)

पुनर्वापर हाच एकमेव मार्ग, असे मात्र नव्हे. भारताच्या 'एलव्हीएम-३' या एकदाच वापरावयाच्या अग्निबाणाने ऑक्टोबर २०२२ व मार्च २०२३ मध्ये श्रीहरिकोट्याहून 'वनवेब'चे छत्तीस-छत्तीस उपग्रह निम्नकक्षेत सोडले. ते अधिक उंचीवर फिरत असल्याने थोड्या संख्येत भागते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'स्टारलिंक'शी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशीम हे जिल्हे विशेषत्वाने आले. वाशिमास लागून असलेला यवतमाळ त्यांत नव्हता. केळापूर, झरी-जामणी या भागांतील कोलामांचे पोड डोंगरात विखुरलेले असल्याने तेथे तारा व मनोरे नेणे अवघड, आणि अशाच ठिकाणी ही सोय खरी उपयोगी. तथापि तबकडीस उघडे आकाश लागते. सागाच्या दाट रानात झाड आड आले की संदेश तुटतो. पोडात ती बसवावयाची तर प्रथम मोकळी जागा शोधावी लागेल.