प्रशिक्षक कुठे घडतो?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आयटीआयचं प्रमाणपत्र हाती आलं म्हणून लगेच कोणी टूलरूममधला कारागीर होत नाही. आधी अप्रेंटिस म्हणून भरती होते, विद्यावेतन मिळतं आणि जाणत्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. १९६१ च्या कायद्यानं या उमेदवारीला देशभर चौकट दिली. खेळाच्या प्रशिक्षकाला मात्र आपण असा काळ देत नाही. गाजलेला खेळाडू निवृत्त झाला की त्याच्या गळ्यात शिट्टी अडकवतो आणि प्रशिक्षक तयार झाला असं मानतो. आपल्या खेळांचं खरं दुखणं इथेच आहे, असं मला वाटतं.

अमेरिकी फुटबॉलमधले प्रशिक्षक बिल बेलिचिक एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये स्वतः कधीच खेळले नाहीत. १९७५ साली बाल्टिमोर कोल्ट्सनं त्यांना आठवड्याला २५ डॉलरवर ठेवलं. सामन्यांच्या फिती पुन्हापुन्हा बघून प्रतिस्पर्ध्याच्या चाली टिपायच्या, हे त्यांचं काम. मुख्य प्रशिक्षकपद मिळालं ते थेट १९९१ मध्ये, क्लीव्हलंडला. आणि पाच मोसमांनंतर तिथून त्यांना काढूनही टाकलं. पुढे २००० पासून न्यू इंग्लंडमध्ये २४ मोसम आणि सुपर बोलची सहा विजेतेपदं. तिकडे टीव्हीचा अफाट पैसा आहे, आपली बरोबरी कशी होणार, असं कोणी म्हणेल. पण २५ डॉलर म्हणजे काही अफाट पैसा नव्हे. महत्त्वाची होती ती शिकाऊ माणसासाठी राखलेली जागा. नुसता खेळ आयात करून ती जागा तयार होत नाही. २०११ मध्ये घोषणा झालेल्या, अमेरिकी फुटबॉलच्याच एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाचं पहिलं विजेतेपद ‘पुणे मराठाज’नं पटकावलं, तरी ती लीग इथे रुजली नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कबड्डीच्या प्रशिक्षक शैलजा जैन कुठल्या शिडीनं वर गेल्या? नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या इराणला गेल्या, खेळाडूंशी बोलता यावं म्हणून फारसी शिकल्या आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या महिला संघानं अंतिम फेरीत भारताला २७-२४ असं हरवलं. २०१० आणि २०१४ मध्ये हे सुवर्ण भारताचं होतं. परंतु हे यश एकाएकी आलेलं नाही. त्यामागे नाशिकमधली शासकीय प्रशिक्षकाची अनेक वर्षांची नोकरी होती. पगार चालू असताना मुलींना शिकवत, चुका सुधारत त्या घडल्या. त्यांचं उदाहरण माझ्या म्हणण्याला बळच देतं.

प्रो कबड्डीनं २०१४ पासून प्रशिक्षकाला मान आणि मानधन दिलं, हे खरं. वाकडहून मुळा ओलांडली की बालेवाडी. तिथल्या पुणेरी पलटणनं २०२४ मध्ये बी. सी. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली विजेतेपद मिळवलं. पण लीगचा मोसम काही महिन्यांचा, आणि संघाला हवा असतो तयार प्रशिक्षक. तो घडवण्याचा खर्च दुसऱ्या कोणी तरी उचलायला हवा. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी ठेवायला सांगितलं आहे, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण व राष्ट्रीय मान्यतेच्या खेळांचं प्रशिक्षण बसतं. चाकणच्या कंपन्यांनी स्पर्धांचे मांडव आणि करंडक यांच्याऐवजी भोसरी, खेड, मावळातल्या तालमी-मंडळांत तीन-तीन वर्षांसाठी पगारी सहायक प्रशिक्षक नेमावेत, खेळाडू म्हणून नाव नसलेल्यांनाही त्यात घ्यावं.